केळीच्या खोडाचा दोर

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक केळीबागवाला राहत होता. माणूस मोठा भाविक. घड कापण्याआधी तो केळीला हात जोडायचा, "माये, तुझे उपकार," म्हणायचा आणि घड उतरला की त्याच केळीचं खोड तोडून पायाने नाल्यात ढकलायचा. सगळं गाव तसंच करायचं. खोडं कुजायची, नाला तुंबायचा आणि घाणीवरून लोक एकमेकांना बोल लावायचे.

गावात दोर वळणारी एक बाई होती. एके दिवशी नाल्यात नुकत्याच ढकललेल्या खोडांकडे बोट दाखवून तिने विचारलं, "भाऊ, ही खोडं मी नेऊ का?"

"ने की! पण त्या कचऱ्याचं करणार काय, लोणचं?" बागवाला पोट धरून हसला.

बाईने खोडं घरी नेली. तिने खोडाचे पदर सोलले, बोथट विळ्याने खरवडून गर काढला. मागे उरला पांढऱ्या, चिवट धाग्यांचा वाख. तो वाळवून ती दोर वळू लागली.

पुढच्या वैशाखात, तोडलेल्या केळींच्या मुळांतून पिलं फुटून वाढलेल्या नव्या केळी घडांच्या भाराने वाकल्या. दरवर्षी बागवाला नदीपलीकडच्या बाजारातून दोर आणून त्यांना आधार बांधायचा; यंदा मात्र उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. एका दुपारी आभाळ पिवळं पडलं, वारा सुटला आणि नावाडी म्हणाला, "आता नाव सुटायची नाही." बागवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षाची मेहनत घटकाभरात आडवी होणार होती.

मान खाली घालून तो बाईच्या दारात उभा राहिला. बाजारात न्यायला तिने दोरांची वेटोळी रचून ठेवली होती.

"ताई, तुम्हाला हसलो. चुकलो. पण..."

"पण नंतर बोल, आधी उचल! वर्षभर माझी चूल या खोडांमुळे पेटली. तुझ्याच केळींचे दोर आहेत हे."

दोघांनी धावपळ करत केळी बांधल्या. वादळ आलं आणि गेलं. दोर पुरले नाहीत तिथल्या आठ-दहा केळी झोपल्या, बाकी बाग उभी राहिली. बागवाल्याने एक दोर हातात धरून पाहिला. गेल्या वर्षी त्याने लाथेने ढकललेली आई आपल्या पिलाला धरून होती. त्याला रडू आवरेना.

पुढचा घड उतरला तेव्हा त्याने खोड खांद्यावर घेतलं, बाईच्या अंगणात अलगद ठेवलं आणि आधी खोडाला, मग बाईला हात जोडले.

"हात जोडून झाले ना?" बाई हसून म्हणाली. "आता बस इथे. हा घे विळा."

तात्पर्य: फळ हाती आलं म्हणून झाडाचं देणं संपत नाही. आभार मानायचेच, तर मुळापासून शेंड्यापर्यंत मानावेत.