पाळण्यातली चिंबोरी

तांबडखारला जायचं तर खाडीचा बांध चालून जावं लागतं. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला तांबड्या रत्ता भाताची शेतं आणि मधे दोन माणसं शेजारून जातील एवढा मातीचा बांध. निम्म्या वाटेवर उघाडी लागते, म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी ओहोटीला खाडीत सोडायचं लाकडी दार. तिथे बांध एकदम रुंद होतो, त्याची माती वेगळी दिसते, आणि त्या रुंद जागी गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे. शेंदूर नाही, हार नाही, नारळ फोडल्याची खूण नाही. याला भगताची बैठक म्हणतात.

हा स्वप्नांचा दगड आहे असं बाहेर कसं पसरलं कोण जाणे, पण लांबलांबून माणसं येतात. कुणाचे स्वप्नात दात पडलेले असतात, कुणाला मेलेली आई दारात उभी दिसलेली असते. सगळ्यांना एकच हवं असतं, याचा अर्थ काय ते सांगा. ऐंशी ओलांडलेले हशूबाबा म्हात्रे त्यांना दगडापर्यंत आणतात, बसवतात, पाणी देतात आणि मग त्यांचा विरस करतात. "अर्थ इथं नाय मिलत, बाय," ते म्हणतात. "अर्थानंच तर गाव बुरालं." आणि मग ते गाव कसं बुडालं ते सांगायला लागतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा तांबडखारला जोमा भगत होता. जडीबुटी, नजर काढणं हे सगळं तो करायचाच, पण त्याचं नाव होतं ते स्वप्नांसाठी. पहाटे उठून तोंड धुवायच्या आत माणसं त्याच्या ओट्यावर यायची. नियम एकच. भगताला सांगितलेलं स्वप्न दुसऱ्या कुणाच्या कानावर घालायचं नाही, नवऱ्याच्याही नाही, नाहीतर फळ उलटतं. नियम जोमाच्या आजापासूनचा होता आणि जोमाला तो फार आवडायचा, कारण सगळ्या गावाची झोप त्याच्या एकट्याच्या पोटात असायची. माणूस काही वाईट नव्हता. उलट त्याची खोड अशी, की त्याच्या ओट्यावरून कुणी रडत गेलेलं त्याला बघवत नसे. स्वप्न कितीही भयंकर असो, तो त्याला अशी काही कलाटणी द्यायचा की माणूस हसत घरी जाई.

त्या वर्षी पीक कमरेएवढं आलं होतं. लोंब्या भरत आल्या होत्या, पितृपक्ष सरत आला होता आणि सर्वपित्री अवस तीन दिवसांवर होती. भादव्यातल्या अवसेचं उधाण वर्षातलं मोठं उधाण. ते भर दुपारी चढतं.

पहिल्या पहाटे मानकी आली. गावातली सर्वांत म्हातारी विधवा. तिचा चेहरा उतरलेला होता. "माजे घरान पंगत बसली व्हती, जोमा. समदे आमचे मेलेले. भात खारट झाला म्हून कुनी जेवना. आन् समद्यांचे पाय पान्यान."

जोमाने डोळे मिटले. "पितर येवाचे हायेत. भुकेले हायेत. अवसेला एक पान जास्ती ठेव." म्हातारी समाधानाने गेली.

दुसऱ्या पहाटे गणा आला. त्याचं शेत उघाडीला लागून. कापणी करायला तो स्वप्नात शेतात उतरला, तर लोंब्यांच्या मधे मासे उभे होते, शेपटीवर, माणसं उभी राहतात तसे, आणि त्याच्याकडे बघत होते. जोमा हसला. मासा शुभ. यंदा एवढं पिकेल की ठेवायला जागा पुरणार नाही, असं त्याने सांगितलं. गणा उड्या मारत गेला.

तिसऱ्या पहाटे जी आली तिच्यासाठी जोमाने सरकून ओट्यावर जागा केली. ती त्याची एकुलती एक लेक, ठकी. तिचा नवरा पोशा उघाडी राखायचा आणि त्यांचं खोपट बांधाच्या आतल्या, शेताकडच्या अंगाला, अगदी पायथ्याशी होतं. तिला तीन महिन्यांचा मुलगा होता.

"बाबा, मना सपान परलं. पालन्यान चिंबोरी बसली व्हती."

चिंबोरी म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, बांधाला बिळं पाडणारा. "मंग?" जोमाने विचारलं.

"मंग काय नाय. प्वार निजलेला व्हता. ती पालना हालवत व्हती."

समोर लेक होती. तो म्हणाला, "चिंबोरी धरलेलं सोरत नाय. तुजा प्वार तसाच चिवट व्हनार." ठकी हसली, आणि तिच्या हसण्याने जोमालाही बरं वाटलं. असं म्हणतात की त्या क्षणी त्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास बसला.

तो विश्वास टिकला दुपारपर्यंत. जेवताना भातात मीठ जरा जास्त पडलं होतं. पहिल्या घासाला जोमाचा हात थांबला. खारट भात, पाण्यातले पाय, शेतातले मासे, घरात आलेली चिंबोरी. तीन माणसांनी तीन दिवशी आणलेली स्वप्नं त्याच्या पोटात पहिल्यांदाच एकमेकांना भेटली, आणि ती तीन नव्हतीच. एकच होतं. गावाला ते तुकड्यातुकड्याने पडलं होतं आणि त्याने प्रत्येक तुकड्याला साखर लावून परत पाठवलं होतं.

तो तसाच उठला आणि बांधावर गेला. पोशा टोपली भरून चिंबोऱ्या बाजाराला नेत होता. खुशीत होता. यंदा हात घालील तिथे चिंबोरी लागते म्हणाला. जोमा आतल्या अंगाला उतरला. खोपटापासून चार पावलांवर बांधाच्या बुडाशी माती ओली होती. आठ दिवसांत पाऊस नव्हता. त्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट.

आता कळायचं काही बाकी नव्हतं. हाकारा घालायचा, गाव गोळा करायचं, तासाभरात शंभर फावडी लागली असती. पण मग मानकीला काय सांगायचं? गणाला काय सांगायचं? ज्याच्या शब्दावर गाव झोपतं त्याला तीनदा काहीच कळलं नव्हतं, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कसं म्हणायचं? शिवाय पितरांचं पान होईपर्यंत मातीला कुदळ लावायची नाही अशी रीत होती. जोमाने त्या रीतीचा आडोसा घेतला. उद्या अवस. पानं होऊ देत, मग सांगू, असं त्याने ठरवलं.

लेकीला मात्र तो म्हणाला, "आज घरी चल. पोराला घेऊन."

"कला?"

कशाला, एवढंच तिने विचारलं होतं. सांगितलं असतं तर ती आली असती. जोमा म्हणाला, "असंच."

"सासूचं पान ठेवाचं हाय, बाबा. उद्या दुपारचे येन."

"लवकर यं," जोमा म्हणाला, आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी घराघरांत पानं वाढली. छपरांवर घास ठेवले. कावळे आले, घिरट्या घातल्या, आणि एकानेही चोच लावली नाही. सगळे डोंगराच्या बाजूला उडून गेले. बायका हात जोडून काय चुकलं म्हणून विचारत होत्या. जोमाही आपल्या अंगणात हात जोडून उभा होता, पण त्याला विचारायचं काहीच नव्हतं. वारा फिरला आणि त्याला खाडीचा आवाज आला, रोजच्यापेक्षा जवळून.

मग तो धावत सुटला. गल्लीगल्लीतून ओरडत, मानकीचं स्वप्न, गणाचं स्वप्न, ठकीचं स्वप्न, सगळं उघड्यावर. लोक पानावरून उठले, पण जागच्या जागी थबकले. भगताने नेम मोडला होता. मानकी तर चिडलीच, माझं स्वप्न गावात वाटतोस म्हणून. एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात जेवढा वेळ गेला तेवढाच कमी पडला, असं सांगतात. माणसं फावडी घेऊन बाहेर पडली तेव्हा बांधाला खांड पडली होती, फुटलेल्या जागेतून खाडी आत घुसत होती.

लांबून त्यांना पोशा आणि ठकी दिसली. दोघं खांडीत टोपल्यांनी माती टाकत होती. मग बांधाचा मोठा तुकडा सुटला आणि ती दिसेनाशी झाली. संध्याकाळी मानकीच्या घरात पाटांची पंगत पाण्यात तरंगत होती. गणाच्या शेतात लोंब्यांमधे मासे अडकून उभे होते. कुठल्याच स्वप्नाला अर्थ नव्हता. जसं पडलं तसंच ते समोर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत लाकडी पाळणा अडकलेला सापडला. पाळण्यात, पायांच्या बाजूला, चिंबोरी बसली होती. ती हलली की पाळणा हलत होता. आणि पोर जिवंत होतं. पाळण्याची दोरी त्याने मुठीत अशी धरली होती की सोडवताना माणसांना घाम फुटला.

म्हणजे जोमाने सांगितलं होतं तेही खरं झालं. हे त्याला सोसवलं नाही. खोटं ठरला असता तर तो रडून मोकळा झाला असता. खांड बुजवल्यावर त्याने तिथे एक दगड आणून ठेवला आणि उरलेलं आयुष्य त्यावर बसून काढलं. मांडीवर नातू आणि तोंडात एकच स्वप्न, ठकीचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचा. अर्थ कुणी विचारला की मान हलवायचा आणि आतल्या अंगाची माती चाखायला उतरायचा. पोशाची आणि ठकीची प्रेतं सापडली नाहीत.

आजही सर्वपित्रीच्या सकाळी, पानं वाढायच्या आधी, अख्खं तांबडखार फावडी घेऊन बांधावर उभं राहतं. ज्याला जे पडलं असेल ते त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. कुणी हसत नाही, कुणी अर्थ सांगत नाही. शेवटचं स्वप्न ठरलेलं असतं आणि ते त्या पोराच्या वंशातल्या माणसाने सांगायचं असतं. हल्ली ते हशूबाबा सांगतात. पाळण्यात चिंबोरी बसली होती, पाळणा हलवत होती. मग ते काठी टेकत खाली उतरतात, बांधाच्या बुडाची चिमूटभर माती जिभेवर ठेवतात, आणि वर सगळं गाव श्वास रोखून उभं असतं, ते "खारट नाय" म्हणेपर्यंत.

गेल्या भादव्यात त्यांना ते म्हणायला जरा वेळ लागला. वर बघून ते बोलणार, तोवर लोकांनी फावडी मातीत घातली होती.