पार्श्वदर्शीची परीक्षा

"पण अप्पा, यात वाईट काय आहे ते तरी सांगा!"

"वाईट आहे असं मी कुठं म्हणालो?"

"चांगलं आहे असंही म्हणाला नाहीत."

अप्पांनी शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला...

विरूपाक्ष अप्पा गावच्या मठाचे स्वामी. सत्तरी उलटली तरी वाड्यावस्त्यांवर भिक्षेला सायकलवरूनच जायचे. आणि कट्ट्यासमोर घाम पुसत उभा होता तो रेवण, पुण्याच्या एका डिझाइन कॉलेजातला विद्यार्थी. लहानपणी मठाच्या याच अंगणात अप्पांनी त्याला सायकल शिकवली होती. अप्पा मागून कॅरियर धरून पळायचे. त्यांनी धरलंय की सोडलंय हे बघायला रेवण सारखा मान वळवायचा, आणि सायकल थेट फाटकाजवळच्या दगडी डोणीत जायची. म्हशीला पाणी पाजायची ती डोण अजून तिथंच होती. म्हैस बदलली होती.

आता रेवण सायकलला जोडायची वस्तू बनवून आला होता. हँडलवर बसवायचा आरसा, तीन सांध्यांचा, हवा तसा वळणारा. नाव पार्श्वदर्शी. आरसा बनवण्यापेक्षा नाव ठेवायलाच जास्त दिवस लागले होते.

सोमवारी परीक्षक येणार होते. रोज सायकल चालवणाऱ्या कुणाचा तरी अभिप्राय रेकॉर्ड करून आणा, असं कॉलेजनं बजावलं होतं. आधीची दोन डिझाइनं सरांनी नापास केली होती. हेही गेलं तर वर्ष गेलं. म्हणून बिचारा एसटीत हाडं खिळखिळी करून घेत इथवर आला होता. खरं सांगायचं तर 'उत्तम' हा एक शब्द त्याला परीक्षकांपेक्षा अप्पांच्या तोंडूनच ऐकायचा होता.

त्यानं मोबाइल कट्ट्यावर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

"बोला अप्पा. अगदी मोकळेपणानं."

"हा दांडा जरा लांब..."

"मुद्दाम ठेवलाय! कोपर आड येत नाही."

"उन्हात डोळ्यांवर..."

"काचेला काळसर झाक आहे. त्याचा विचार झालाय."

"मग अंधारात..."

"अंधारात मागच्या गाडीचा दिवा दिसतोच की, अप्पा!"

अप्पांनी आणखी एक शेंग फोडली.

"सगळं तुझंच तयार आहे. माझं तोंड कशाला पाहिजे?"

"तसं नाही, अप्पा... तुम्ही म्हणालात की पक्कं होतं."

"चालवून दाखव."

आरसा अप्पांच्याच सायकलला बसवला होता. रेवणनं टांग मारली. कट्ट्यापासून फाटकाच्या दिशेनं सायकल निघाली आणि आरशात अप्पा आले. किती स्वच्छ! गळ्यातला रुद्राक्ष दिसत होता, दाढीत अडकलेलं शेंगेचं टरफलसुद्धा दिसत होतं. रेवणचा ऊर भरून आला. असा आरसा बाजारात नाही, म्हणाला मनाशी.

पण अप्पांचा चेहरा कोराच. आवडला, की नाही आवडला?

तेवढ्यात अप्पांची मान हलली.

रेवणचा जीव टांगणीला लागला. मान उभी हलली की आडवी? तो सीटवरून उठला, हँडलवर वाकला, आरशात पार नाक खुपसलं...

"रेवण्या, डोण!"

म्हैस बाजूला झाली. रेवणला तेवढंही जमलं नाही.

सायकल बाहेर, रेवण आत. कमरेएवढ्या पाण्यात बसून तो केसांतून निथळत होता. म्हशीनं त्याला जरा न्याहाळलं आणि त्याच्या शेजारी तोंड घालून राहिलेलं पाणी प्यायला सुरुवात केली.

अप्पा मोबाइल हातात घेऊन आले.

"लागलं का रे कुठं?"

"लागू दे, अप्पा!" रेवण कळवळून म्हणाला. "तुमची मान हलली होती. हो म्हणून, की नाही म्हणून?"

"दिसली तुला?"

"स्वच्छ दिसली."

"माशी बसली होती."

"आणि माझं डिझाइन?" रेवणचा आवाज रडवेला झाला होता. "अप्पा, सोमवार आलाय हो. एक शब्द तरी बोला."

अप्पांनी सायकल उभी केली. आरसा शाबूत होता. तो हवा तसा वळवून त्यांनी त्यात पाहिलं, दाढीतलं टरफल काढलं आणि टाकून दिलं. मग मोबाइल तोंडाजवळ धरून घसा खाकरला.

रेवण डोणीतच ताठ बसला.

"पोरगं सुधारलंय, साहेब," अप्पा म्हणाले. "पूर्वी या डोणीत पडायला त्याला मान वळवावी लागायची."