बाहीचा दगड

माझी लेकरं किती ते मग सांगते पावणे, आधी हा ओढ्याकाठचा दगड बघा. टोपलीएवढा आहे, पण हलवून दाखवा बरं! आमच्या हिवरदऱ्याच्या पैलवानांनी हात टेकले इथं. ह्याला बाहीचा दगड म्हणतात. हसू नका, ऐका.

फार मागं गावात सगुणा नावाची बाई होती, असं सांगतात. शिवणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लुगड्याचा फाटका काठ द्या, चोळीतून उरलेला खण द्या, त्यातून ती झबलं उभं करायची. तान्ह्याला कोरं कापड घालायचं नाही ही आपली रीत. त्यामुळं गावातलं प्रत्येक पोर पहिल्यांदा सजलं ते सगुणाच्या हातच्या झबल्यात. तिची स्वतःची कूस तेवढी उजवली नाही. आपल्या लग्नातल्या शालूच्या पदराचं एक इवलं झबलं तिनं पेटीत जपून ठेवलं होतं.

मग तिची धाकटी जाऊ पारू, तिला मुलगा झाला. सगुणा सुईदोरा काढून बसली. एक दिवस गेला, चार गेले, पण बोलावणंच नाही! सासूनं पारूला बजावलं होतं, "वांझेचा हात माझ्या नातवाला नको." मग पारूनंच वाकडेतिकडे टाके घालून चिंध्यांचं झबलं शिवलं, आणि आल्यागेल्या बाया म्हणाल्या, "अगं बाई, किती गोड झालंय!" सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या गावाची पोरं मी नटवायची, आणि घरचंच पोर मला पारखं? पारूच्या त्या वाकड्या टाक्यांचासुद्धा तिला हेवा वाटला. अन्न गोड लागेना.

बारशाच्या सकाळी तिनं गुपचूप त्या झबल्याची एक बाही उसवली, ओढ्यावर आणली आणि ह्याच दगडाखाली दडपली. तेव्हा म्हणे तो तिनं एका हातानं उचलला होता.

इकडं पाळणा सजला, बाया जमल्या, आणि बाळ उघड्या खांद्यानं रडतंय. रडून रडून पार काळंनिळं पडलं. सगुणाचं काळीज चरकलं. ती धावत ओढ्यावर आली. नखं तुटली, पण दगड काही हलेना! रिकाम्या हातांनी परत गेली आणि साऱ्यांदेखत बोलली, "बाही मी चोरली गं पारू. जळले मी तुझ्यावर."

सासू अंगावर धावली. पारू मध्ये उभी राहिली. उसवलेलं झबलं पुढं धरून म्हणाली, "आक्का, आता तुम्हीच लावा. तोवर माझ्या लेकराचा पाळणा हलायचा नाही."

सगुणानं पेटी उघडली. शालूच्या झबल्याची एक बाही तिनं टाका टाका करून उसवली आणि पारूच्या झबल्याला लावली. ते अंगात चढताच बाळ गप्प झालं, असं सांगतात.

दगड मात्र तेव्हापासून जागचा हलला नाही. आजही आमच्याकडं झबल्याची एक बाही आई लावते. दुसरी लावायला, जिची कूस उजवली नाही तिला वाजतगाजत आणतात. ती आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून बाही लावते, मगच पाळणा हलतो.

हां, मगाशी विचारत होता ना, आजी, तुमची लेकरं किती? त्रेसष्ट बाह्या लावल्यात मी. परवा चौसष्टावी.