धाकट्या वर्तुळाचं अंग

कागदावरची चित्रं संगणकात जाऊन नुकती कुठे अंग धरू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका कागदावर जात्याच्या वरच्या दगडाचं चित्र होतं. एक थोरलं वर्तुळ आणि त्याच्या पोटात मधोमध एक धाकटं. दोघांची रेघ सारखीच, म्हणून धाकटं स्वतःला कमी समजत नसे.

चित्र संगणकात गेलं. पडद्यावरच्या बाणाने थोरल्याला धरून वर ओढलं, तसा त्याचा जाडजूड दगड झाला. धाकट्याला मात्र त्याने आरपार कोरून काढलं. धाकट्याला काही उमगेना. थोरल्याला एवढं अंग आणि आपल्या वाट्याला नुसतं भोक?

"बाणदादा, माझं काही चुकलं का? मलाही भर की."

"बघ बुवा," म्हणत बाणाने ते भरून टाकलं.

धाकटं खुशीत आपलं अंग चाचपायला गेलं, तर जिकडेतिकडे थोरलंच लागलं. आपण कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, काही कळेना.

"मी कुठाय?" त्याने घाबरून विचारलं.

"इथे तर मीच आहे," थोरलं म्हणालं.

इतक्यात वरून मूठभर दाणे पडले आणि दगडावरून घरंगळू लागले. "अहो, आत जायचं कुठून?" एका दाण्याने विचारलं. थोरल्याने आपलं अंग चाचपून पाहिलं. त्यालाही वाट सापडली नाही.

बाणाने भरलेलं सगळं काढून घेतलं. धाकट्याला आपली कड पुन्हा सापडली. आत अजूनही काहीच नव्हतं.

"आत जायचं कुठून?" दाण्याने पुन्हा विचारलं.

"माझ्यातून," धाकटं म्हणालं.