राणीचे ताट

एका राज्यात हेमकेतू नावाचा राजा होता. पंक्तीला बसला, की ज्याच्या त्याच्या जेवण्याला हसायचा. प्रधान गोड आधी खायचा, त्याला हसला. राजवैद्य ताक ओंजळीत घेऊन भुरकायचा, त्याला हसला. एके दिवशी एक जोगी जेवायला आला. त्याने वरण, भात, भाजी, खीर, सगळे एकत्र कालवले. राजा म्हणाला, "बुवा, हे जेवण की म्हशीचं आंबोण?"

जोगी उठला. त्याने हातावरचे पाणी शिंपडले. "अन्नापुढे बसलेल्याला हसलास. आता एकटा जेव."

प्रधानाचा पोपट झाला, वैद्याचा पारवा, आणि वाढायला उभ्या असलेल्या चारुमती राणीची साळुंकी.

राजाने पाय धरले. जोगी म्हणाला, "तिघांना ज्याच्या त्याच्या आवडीचं वाढ. प्रत्येकाला एकदाच. चुकलास, तर पाखरू रानात गेलं म्हणून समज. आपली आवड त्यांना सांगता येणार नाही."

राजाने पोपटापुढे आधी जिलबी ठेवली. प्रधान उभा राहिला. पारव्यापुढे स्वतःच्या ओंजळीत ताक धरले. वैद्य उभा राहिला. साळुंकीपुढे मात्र राजा थबकला.

"प्रधानजी, राणीसाहेबांना काय आवडतं?"

"नऊ वर्षांचा संसार आपला, महाराज, आणि विचारता मला?"

"ती मला वाढायची, मागाहून जेवायची. तिला जेवताना मी कधी पाहिलंच नाही."

त्या दिवसापासून राजा मुदपाकखान्यात राहू लागला. स्वतः चूल पेटवी, एकटाच जेवी. तीनदा तिचे ताट मांडले, तीनदा भिऊन उचलले. घास गोड लागेना. समोर साळुंकी, तीही मुकी.

एकदा भांडी घासताना राणीच्या पाटामागच्या कोनाड्यात एक शिंपला सापडला. कड झिजून पानासारखी पातळ झालेली. शेजारी चिमूटभर मीठ. राजाने शिंपला भाताच्या पातेल्याच्या बुडाला लावून पाहिला. चपखल बसला.

राजाचे डोळे भरले. त्याने भात रांधला, बुडाला लालसर खरवड धरू दिली, शिंपल्याने हळूहळू काढली, मीठ लावले.

"राणीसाहेब, उरलंसुरलं म्हणून खात होतात, तर मी चुकलो."

साळुंकीने चोच लावली. चारुमती उभी राहिली.

"खरवड मला आवडते, महाराज. आई अशीच शिंपल्यानं काढून द्यायची. एकटीनं खाणं तेवढं आवडत नव्हतं."

राजाने शेजारी दुसरा पाट मांडला. दारात जोगी उभा होता. त्यालाही बोलावले. त्याने सगळे एकत्र कालवले. कोणी हसले नाही.

जशी तिला पंगत लाभली, तशी मागाहून जेवणाऱ्या प्रत्येकीला लाभो.