वाजवणारा आला पाहिजे

“कधी बोल चुकला का माझा?”

“नाही.”

“लय सुटली?”

“नाही.”

“मग उत्सवात मला का बसवत नाही, बुवा?”

माणिकबुवा खडके यांनी मान वळवली. मठाच्या ओसरीवरून समोर गोदावरीचं पात्र दिसत होतं, तिकडं पाहत राहिले.

विचारणारा श्रीरंग नाईकवाडे परभणीला वीज खात्यात कार्यकारी अभियंता होता. चाळिशी ओलांडलेली. हाताखाली माणसं भरपूर, आणि साहेबांशिवाय पान हलत नाही अशी ख्याती. ती ख्याती इतरांपेक्षा साहेबांनाच जास्त पटलेली होती. लहानपणी तो पखवाज शिकला होता. पुढं नोकरी, लग्न, बदल्या यांत पखवाज मागं पडला. परभणीला आल्यावर बुवांचं नाव कानावर पडलं, आणि तेव्हापासून दर रविवारी गाडी काढून तो गंगाखेडच्या वाटेवरच्या या लहानशा मठात येत होता.

मठात माघात उत्सव असे. संध्याकाळच्या पदांना पखवाजाची साथ बुवांची. गावातल्या म्हाताऱ्यांनाही दुसरं कुणी आठवत नव्हतं. पण गेल्या थंडीपासून बुवांचा डावा हात थरथरायला लागला. यंदा ते बसणार नाहीत हे गावाला कळून चुकलं होतं. त्यांच्या जागी कोण बसणार, हेही गावानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

बुवांनी मात्र ठरवलं नव्हतं.

“बुवा... मी विचारतोय काही.”

“ऐकलं.”

“मग?”

“बसवतो की. पण वाजवणारा आला पाहिजे.”

श्रीरंगला ते झोंबलं. वाजवणारा समोर मांडी घालून बसलाय, आणि बुवा असं बोलतात. मग तो बोलतच सुटला. आपण किती ओढाताणीतून इथं येतो, ते सांगितलं. कचेरीला कचेरीचा वेळ, घराला घराचा, पखवाजाला पखवाजाचा. सणवार असो की सुतक, त्यात फरक पडू देत नाही, हे सांगितलं. भाकरीचे सारखे तुकडे करून पानापानात वाढावेत तसा आपण दिवस वाटून दिलाय, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, असं तो थोड्या अभिमानानंच म्हणाला.

बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग... पोट भरलं का सगळ्यांचं?”



श्रीरंग खालच्या आवाजात सांगू लागला. कुणाचंच भरलं नव्हतं. कचेरीतल्या बैठकीत त्याची बोटं टेबलावर बारा मात्रांचा चौताल वाजवत, आणि वरचे साहेब एकदा सगळ्यांदेखत बोलले होते. घरी आलं की कान फोनकडं. बायको, कल्याणी, मागं एकदा म्हणाली होती, “तुम्ही घरी येता, पण येतच नाही.” त्यावर तो रागावला होता. आणि मुलगी... मुक्ता...

“काय मुक्ताचं?”

“शेजारी बसलेली असते, बुवा. आणि शेजारी बसून मला फोनवर निरोप पाठवते. मी विचारलं, असं का गं? तर म्हणाली, बाबा, तिथं तुम्ही उत्तर देता.”

बुवा काही बोलणार, तेवढ्यात श्रीरंगच्या खिशात फोन वाजला. हात आपसूक खिशात गेला. बोलत बोलत तो पायऱ्या उतरून अंगणात गेला, आणि परत आला तेव्हा ऊन ओसरीवरून सरकलेलं होतं.

बुवांनी चटईवर पखवाज मांडून ठेवला होता.

“वाजव.”

श्रीरंगनं डावा हात मारला. नेहमीचा भरलेला, घुमणारा आवाज आलाच नाही. फळीवर टिचकी मारावी तसं टक्क वाजलं. त्यानं वाकून पाहिलं. वाजवण्याआधी पखवाजाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावतात, आवाज खाली उतरावा म्हणून. आणि वाजवून झालं की ती लगेच काढून टाकतात. इथं ती वाळून दगड झाली होती, तिला भेगा पडल्या होत्या.

“बुवा, ही मागच्या रविवारची. राहिलीय तशीच.”

“राहिली, का ठेवलीस?”

त्याला आठवलं. मागच्या रविवारी वाजवता वाजवता फोन आला होता, आणि तो तसाच उठून गेला होता. आठवडाभर बुवांनी त्या कणकेला हात लावला नव्हता. वाद्याला चुकून पाय लागला तर त्या दिवशी न जेवणारे बुवा.

श्रीरंगनं पाणी आणलं. कणीक भिजवून नखानं हळूहळू सोडवायला बसला. तिच्याबरोबर पुडीच्या कातड्याचा पापुद्राही निघाला, तेव्हा त्यानं नख मागं घेतलं.

“खराब झाली ना पुडी?”

“झाली थोडी.”

“त्याच वेळी सांगायचं होतं, बुवा.”

“सांगणार कुणाला?”

...

त्या दिवशी पुढं शिकवणी झाली नाही. परभणीला परतताना श्रीरंग वाटेत कुठं थांबला नाही, गाडीत काही लावलंही नाही. घराच्या फाटकाशी गाडी उभी केली आणि फोन वाजला. हाताखालचे अभियंते नसीर शेख बोलत होते. नदीपलीकडच्या गावांची वीजवाहिनी, तिकडचा फीडर, बंद पडला होता. काय करू, सर?

एरवी श्रीरंग गाडीतच बसून तासभर सूचना देत राहिला असता.

“तुम्ही बघा, शेख.”



“मी, सर?”

“तुम्हीच. काय केलंत ते सकाळी सांगा.”

शेख खात्यात मुरलेले होते. पण साहेबांनी कधी त्यांना एक निर्णय मोकळेपणानं घेऊ दिला नव्हता. ते “बरं, सर” म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत श्रीरंगला काहीतरी नवीन ऐकू आलं.

तो घरात आला खरा. पण आल्यावर काय करायचं तेच त्याला कळेना. पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेला बसून राहिला. कल्याणीनं एकदा स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. मुक्ता अभ्यासाला बसली होती. तिच्याकडं पाहून तो म्हणाला, “काय चाललंय शाळेत?” तिनं संशयानं त्याच्या हाताकडं पाहिलं. हातात फोन नव्हता.

मग ती सांगू लागली. ती शाळेच्या खो-खो संघाची कप्तान झाली होती. होऊन महिना लोटला होता. शेजारपाजाऱ्यांना, दूधवाल्याला, सगळ्यांना ठाऊक होतं. बोलता बोलता ती उठली आणि खांबाला वळसा कसा मारायचा ते दाखवायला खुर्चीला गरकन फेरी मारली. त्या नादात पाण्याचा तांब्या कलंडला. कल्याणी फडकं घेऊन आली, आणि दोघांना हसताना पाहून फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

सगळं काही एका दिवसात सरळ झालं नाही. पुढच्याच आठवड्यात शेखांनी घाईत भलताच फीडर बंद केला, आणि अर्ध्या शहराची वीज गेली. वरून श्रीरंगला बोलणी बसली. त्यानं ती शेखांपर्यंत जाऊ दिली नाहीत, स्वतःवर घेतली. पण मनातून तो खवळला. रविवारी बुवांसमोर बसल्या बसल्या म्हणाला, हे असं होतं बघा, म्हणून मी सगळं स्वतः करत होतो.

बुवा हसले.

“तू शिकताना माझ्या पुड्या फाडल्यास, त्या आठवतात?”

“...आठवतात.”

“मी तुझ्या हातातून पखवाज काढून घेतला?”

श्रीरंगनं पखवाज पुढं ओढला. सोमवारी त्यानं शेखांना बोलावलं, चहा मागवला, आणि काय चुकलं ते दोघांनी मिळून नकाशावर पाहिलं. पुढच्या वेळी फोन आला तेव्हा तो पुन्हा म्हणाला, “तुम्ही बघा.” शेखांनी पाहिलं, आणि नीट पाहिलं. हळूहळू रात्रीबेरात्रीचे फोन कमी झाले. कचेरीतली बोटं टेबलावरून खाली आली. फायली दिवसाउजेडीच हातावेगळ्या होऊ लागल्या. मुक्ताच्या संघाचा सामना होता त्या दिवशी श्रीरंग रीतसर रजा टाकून गेला आणि मैदानाच्या दोरीशी उभा राहिला. मुक्ताचा संघ हरला. घरी येताना ती वाटभर रडली, आणि रडली ती बापाच्या खांद्यावर.

उत्सवाचं त्यानं पुन्हा काढलं नाही. मागं ती गोष्ट दातात अडकलेल्या सुपारीसारखी सतत टोचत होती. आता कधी टोचायची थांबली, त्याचं त्यालाही कळलं नाही. एका रविवारी वाजवून झालं. डोळे मिटून ऐकणाऱ्या बुवांनी डोळे उघडले. मग म्हणाले,

“उत्सवाला पांढरा सदरा घाल. रंगीत घालून येऊ नकोस.”

घरी जाऊन त्यानं कल्याणीला हे सांगितलं, आणि कपाटातला पांढरा सदरा काढून खुंटीला अडकवला.

उत्सवाच्या दिवशी सगळं कुटुंब आलं. श्रीरंगनं कार्यभार कागदोपत्री शेखांकडं दिला होता आणि फोन गाडीतच ठेवला होता. दिवस कलला तसा मठ माणसांनी भरून गेला. गायला अंबाजोगाईचे शिवलिंगअप्पा होते, आवाजानं आणि अंगानंही भारदस्त. श्रीरंग पखवाज घेऊन बसला. शेजारी बुवा, डोळे मिटून, मांडीवर हलका ताल धरून. पुढच्याच रांगेत कल्याणी आणि मुक्ता.

चौतालातलं पद सुरू झालं. सुरुवातीला श्रीरंगची बोटं गार होती. मग अप्पांनी एक लांब तान घेतली, आणि तो तिच्यामागं निघाला.

पद अर्ध्यावर आलं आणि दिवे गेले.

नुसते मठातले नाहीत. गाव, नदीचा काठ, पलीकडची वस्ती, सगळं काळोखात बुडालं. गाभाऱ्यातली समई तेवढी उरली. माणसांत कुजबूज उठली, आणि अंधारातसुद्धा श्रीरंगला जाणवलं की सगळी तोंडं आपल्याकडं वळलीत. विजेचा साहेबच इथं बसलाय. त्याच्या पाठीच्या कण्यातून जुनी कळ वर चढली: ऊठ. तुझ्याशिवाय कोण बघणार?

मठाचे विश्वस्त देशमुख काका अंधारात चाचपडत आले आणि त्याच्या कानाशी वाकले.

“साहेब, लाइट गेली... तुमी एकदा फोन...”

श्रीरंगचे हात थांबले नाहीत.

“शेख बघतील.”

एवढंच म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्यालाच कळलं की हे तोंडदेखलं नव्हतं. शेख बघतील. बघतच असतील. आपलं काम इथं आहे, या बारा मात्रांत आहे.

काका थबकले, मग तिथंच खाली बसले. श्रीरंगनं डोळे मिटले. अप्पांचा आवाज अंधारात मोठा झाला. पखवाज त्याला पाठ देत राहिला, पुढं सरकून वाट दाखवू लागला, पुन्हा मागं येऊ लागला. कुजबूज विरली. कुणीतरी टाळ्यांनी ताल धरला, मग ओसरीनं धरला, मग अंगणातल्या बायकांनी. शेवटी एकच बोल तीनदा वाजवून तिहाई घेताना श्रीरंगच्या हातात आता वेगळा डावा नि वेगळा उजवा उरला नव्हता. तो समेवर आला, आणि सगळा मठ त्याच्याबरोबर आला.

डोळे उघडले तेव्हा लख्ख उजेड होता. दिवे कधी आले ते त्याला ठाऊक नव्हतं. समोर मुक्ता त्याच्याकडं एकटक पाहत होती, आणि कल्याणी पदरानं डोळे पुसत होती, लपवत नव्हती.

आरती झाली. माणसं त्याच्याभोवती जमली. अंधारात ताल तसूभर हलला नाही, असं जो तो म्हणत होता. अप्पांनी गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. गर्दी पांगल्यावर तो बुवांसमोर वाकला. बुवांनी त्याच्या डोक्यावर तो थरथरता हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

बुवांच्या तोंडून एकदा ऐकावं, असं श्रीरंगला फार वाटत होतं.

“बुवा... दिवे गेले, तरी मी उठलो नाही.”

बुवांनी डोळे किलकिले करून त्याच्याकडं पाहिलं.

“दिवे?... कधी गेले होते?”