दुपायरी आळी

मांजरदरा गावाच्या पूर्वेच्या माळावर ही आळी आहे. इथल्या प्रत्येक दाराला दोन दगडी पायऱ्या. जोती बुटकी, एका पायरीने सहज भागले असते. तरी दुसरी आहेच. पाहुणे गवंड्याला नावे ठेवतात. पण गवंड्याचा काही दोष नाही, ही सगळी ठकू सुईणीची करणी.

फार पूर्वी, असे सांगतात, साथीतून उठलेले गाव पुन्हा भराभर वाढू लागले. घरे मात्र तेवढीच. ठकूबाईचा येसू लग्न होताच बायकोला घेऊन परमुलखात गेला, कारण आईच्या खोपटात दुसरी चूल मांडायला जागा नव्हती. ठकूबाईला ते फार लागले. दुसऱ्या कुठल्या आईवर ही पाळी येऊ देणार नाही, असे ती देवीपुढे बोलली. तेव्हापासून ती बाळंतपणाचे लुगडे घेईना की धान्य घेईना. मूल झाले की बापाने एक घडीव दगड माळावर आणून ठेवायचा, मग मुलगा असो की मुलगी, एवढेच तिचे मागणे.

लोक हसत. म्हातारी वाडा बांधणार का, असे रावजी पाटलांनीही विचारून पाहिले.

"पाटील," ती म्हणाली, "पोरं आज पाळण्यात मावत्यात. मोठी झाल्यावर कुटं मावायची?"

अठरा-वीस वर्षांनी एकाच हंगामात अकरा लग्ने निघाली, तेव्हा पाटलांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी माळ गावठाणाला दिला. सगळे गाव चिखल तुडवायला उतरले, आणि प्रत्येक नवऱ्याच्या दाराशी त्याच्याच जन्माचा दगड पायरी म्हणून बसला. कोणाचा कोणता, ते ठकूबाई नुसता हात लावून सांगे म्हणे.

मुलींचे दगड मात्र पडून राहिले. मुली तर सासरी गेलेल्या. इथे म्हातारी चुकली, असे म्हणत पाटलांनी ते ओढ्याच्या बांधाला लावायला काढले.

त्याच सकाळी, गावात घरे होताहेत हे ऐकून, येसू परतला. ठकूबाईने सून पाहिली, दोन नातवंडे पाहिली, हसली, रडली आणि मग एकदम तिला आठवले. येसूचा जन्म तिच्या नवसाआधीचा. त्याचा दगड माळावर नव्हताच, आणि ज्याचा दगड त्याचे घर, हा नेम स्वतःच्या लेकासाठी मोडायला तिची जीभ रेटेना.

पाटील बांधाकडे निघालेल्या दगडांपाशी गेले. मग त्यांनी आपल्या लेकीचा दगड उचलून येसूपुढे ठेवला.

"माजी चिमा परगावात सुखानं नांदती," ते म्हणाले. "तिला तितं कुनीतरी जागा दिलीच की."

मग काय, बांध राहिला बाजूला आणि गावाने गूळ वाटला. मुलींचे बाकीचे दगड दारोदार, घरी आलेल्या सुनांसाठी, दुसरी पायरी म्हणून बसले. येसूकडे कमी पडली ती पायरी ठकूबाईच्या धुण्याच्या दगडाची केली, असे म्हणतात.

आजही मूल जन्मले की माळावर दगड येतो, आणि ढीग बघून पंचायत पुढच्या आळीची जागा राखते. माहेरवाशीण, आपला दगड कुणाच्याही दाराशी असो, त्यावर पाणी घालूनच माहेरी शिरते. आजही परगावचे बिऱ्हाड आले तर कोण, कुठले, असे कोणी विचारत नाही. आळीतले म्हातारे एकमेकांना एवढेच विचारतात, "कुनाच्या लेकीची पायरी लावायची?"